एकास बारा

चाळीस वर्षं मी हेक्समच्या दवाखान्यासाठी कवळ्या केल्या:
खाणकामगारांच्या, त्यांच्या बायकांच्या,
एकदा एका पाद्रीबाबांची,
जे हसताना तोंडावर हात धरत.
आता दातांऐवजी दाते कापते.
फार काही बदललं नाही.
मेण तेच, भिंग तेच, चिमटा तोच,
आणि एका बाजूला केसभर जास्त झालं
की सगळा जबडा कुरकुरतो, तेही तेच.

शेडच्या पत्र्यावर नदीकडचा वारा.
टेबलावर इंजिनाचा नकाशा, सन अठराशे चौदा,
घड्यांवर विरलेला,
उजव्या अंगाला मेणबत्तीचा डाग, नाण्याएवढा.
दोन उभे सिलिंडर, त्यांच्यावर दोन तुळया
टोळाच्या गुडघ्यांसारख्या,
बॉयलरला लाकडी पट्ट्यांचा अंगरखा,
आणि डावं-उजवं इतकं सारखं
की काढणाऱ्याने पावसात कधी काम केलं नसावं.

फुटाचा इंच करायचा. एवढंच.
हिवाळाभर एवढंच केलं.
रिव्हेटं तीनशे बारा. टाकून दिलेली मोजली नाहीत.

मार्चमध्ये एडविन चार्लटनच्या मेंढवाड्यावर गेले.
त्याच्या फाटकाला अडसर म्हणून जो लोखंडी दांडा आहे
तो त्याच इंजिनाचा, असं त्यांच्या घरात सांगतात.
मी चिखलात गुडघे टेकून माप घेतलं.
एडविन फाटकावर बोटं वाजवत उभा,
तीन भराभर, एक उशिरा,
कंटाळलेल्या माणसासारखा.

दांडा पाऊण इंच लांब निघाला.
टोकाशी घणाच्या खुणा, अंगठ्याने चाचपता येतील अशा.
कुणीतरी तो तापवला होता, ओढला होता,
शिव्या घातल्या असतील, पुन्हा तापवला होता.
का, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

पाऊण इंच म्हणजे माझ्याकडे इंचाचा सोळावा हिस्सा.
नखाची जाडी.
नकाशाप्रमाणे केला असता तर कोण बघणार होतं?
रात्रभर तोच नखाएवढा तुकडा डोळ्यांत सलत राहिला.
सकाळी उठून दांडा लांब केला.
मग तो बसेना. तुळईचा खांब उचलावा लागला,
आणि खांबाचं माप बघायला नकाशावर वाकले
तर तिथे डाग.

म्हणजे त्या लोहारानेही
असाच वाकून, याच जागी,
डाग वाचला असेल का?
आकड्याच्या जागी मेण,
आणि बाहेर मालक खोळंबलेला.

एक गोष्ट कुठल्या नकाशात नसते.
लोखंड लहान होतं, लाकूड होतं,
कोळसाही होतो, हातोडीने.
पाणी ऐकत नाही.
बारीक नळीच्या तोंडाशी थेंब फुगून बसतो,
पूर्ण वाढलेला, हटवादी,
भलत्या दारातून आत शिरू पाहणाऱ्या बैलासारखा.
आणि वाफ भाजते ती पूर्ण मापाने.
माझ्या डाव्या तर्जनीला विचारा.

शनिवारी बागेत फळीवर रूळ मांडले.
एडविन आला, टोपी न काढता खुर्चीत बसला,
म्हणाला, एवढुसं? मांजर ओढून नेईल.
अर्धी किटली पाणी. चिमूटभर कोळसा, मग आणखी.
काटा हलेना. चहा गार झाला.
मी त्याला बिस्किटं आणायला आत गेले
आणि तेवढ्यात ते माझ्याशिवाय निघालं,
तुळया उचलत, लंगडत,
टाकीच्या दिशेने, म्हाताऱ्या बाईच्या चालीने.

भस् भस् भस्,
आणि जरा मागे राहून, भस्.

बशी हातात धरून मी दारातच उभी.
एडविनला काही ऐकू आलं नसावं,
त्याच्या कानातल्या मशीनची बॅटरी शुक्रवारीच संपलेली.
तो नुसता बघत होता,
आणि खुर्चीच्या हातावर त्याची बोटं,
आपल्याच नादात,
तीन भराभर, एक उशिरा.